अब्बांची कॅसेटची पेटी

मागच्या वर्षी अब्बांचा इंतकाल झाला. चाळिसाव्यानंतर शिरूरच्या घरातलं सामान आवरायला आम्ही दोघं बहीण-भाऊ बसलो. दुकानातलं शिलाई मशीन, मोठी कात्री, कोळशाची जुनी इस्त्री, गिऱ्हाइकांच्या मापांच्या वह्या. कपाटावर चादरीत बांधलेली एक पत्र्याची पेटी होती. उघडली तर आत कॅसेट्स. मोजल्या, ६३ भरल्या.

भाऊ म्हणाला, "बाजी, भंगार में दे देते इसको. अब कौन सुनता?"

त्याचं चूक नव्हतं. घरात कॅसेट वाजवायला टेपसुद्धा राहिला नव्हता. पण आणखी एक कारण होतं, ते तो बोलला नाही आणि मी विचारलं नाही. गेली पंधरा वर्षं तो जमातीत जातो, त्याच्या घरात गाणं वाजत नाही. अब्बांच्या कव्वाल्यांचं ओझं त्याला नको होतं. मी म्हटलं, "मेरे को दे." दौंडला माझं सासर. न्हावरा, चौफुला, पाटस असा एसटीचा प्रवास मी ती पेटी मांडीवर घेऊन केला. घरी आल्यावर महिनाभर ती पलंगाखाली पडून होती.

दर्जीच्या दुकानातला आवाज

शिरूरला जुनी माणसं अजून घोडनदीच म्हणतात. बाजारपेठेत अब्बांचं शिलाईचं छोटं दुकान होतं. रमजानच्या शेवटच्या दहा दिवसांत मशीन रात्री उशिरापर्यंत चालायचं आणि मशीनबरोबर टेप चालायचा. अजान सुरू झाली की अब्बांचं बोट आधी टेपच्या बटणावर जायचं, मग पाय मशीनच्या पायट्यावरून उठायचा. हा क्रम मी कधी चुकलेला पाहिला नाही.

पेटीतल्या कॅसेट्सवरची नावं वाचताना ते दुकान पुन्हा डोळ्यांपुढे आलं. इस्माईल आझाद कव्वाल, ज्यांची 'अल हिलाल' या १९५८ च्या चित्रपटातली कव्वाली देशभर गाजली. शंकर-शंभू ही भावांची जोडी. अलीगढचे हबीब पेंटर. मुंबईचे अझीझ नाझाँ, ज्यांच्या एका कव्वालीने 'फाइव्ह रायफल्स' (१९७४) हा चित्रपट लोकांच्या लक्षात राहिला. शकीला बानो भोपाली, ज्यांनी पुरुषांच्या या मैदानात बाई असून स्वतःचं नाव केलं. १९८४ च्या भोपाळ वायुकांडात त्यांच्या प्रकृतीचं आणि आवाजाचं नुकसान झालं. २००२ मध्ये त्या गेल्या. आणि युसूफ आझाद विरुद्ध रशीदा खातून यांचे मुकाबले. एकाने शेर टाकायचा, दुसरीने त्याला उत्तर द्यायचं. दुकानातले कारागीर हातातली सुई थांबवून पुढचं उत्तर काय येणार याची वाट बघायचे.

माझ्या लग्नाच्या वर्षाची, १९९७ ची, एक कॅसेटही सापडली. अल्ताफ राजा. नागपूरला जन्मलेला हा गायक कव्वाल आई-वडिलांच्या पोटी वाढला. त्या वर्षी त्याचा आवाज आला नाही असा मंडप आमच्या भागात नसेल. त्याच वर्षीचा ऑगस्टही आठवतो. १२ तारखेला कॅसेटचा धंदा घरोघरी पोहोचवणाऱ्या गुलशनकुमार यांची मुंबईत हत्या झाली आणि १६ तारखेला नुसरत फतेह अली खाँ लंडनमध्ये वारले. अब्बांनी त्या संध्याकाळी दुकानात नुसरतचीच कॅसेट लावली होती.

मग हे सगळं मी विसरले कशी? अम्मी २००१ मध्ये गेली. अब्बांनी टेप लावणं बंद केलं. पुढे सीडी आल्या, मग मोबाइल. कोणी ठरवून काही टाकलं नाही, फक्त पेटी एकेक खण वर सरकत कपाटावर गेली.

कॅसेट आपल्या घरात कशी आली

हिंदुस्थानात आवाज तबकडीवर उमटायला सुरुवात झाली ती १९०२ मध्ये, कलकत्त्याला. गौहर जान या त्या सुरुवातीच्या आवाजांपैकी एक. आपल्याच महाराष्ट्रात मिरजेला राहिलेले उस्ताद अब्दुल करीम खाँ १९३७ मध्ये गेले. त्यांचा आवाज आज आपल्याला ऐकू येतो तो त्या जुन्या तबकड्यांमुळे. पण तबकडी आणि ग्रामोफोन ही पैसेवाल्यांच्या दिवाणखान्यातली चीज होती. एका मिनिटात ७८ फेरे घेणाऱ्या तबकडीच्या एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटं मावायची. लांबलचक कव्वाली त्यात बसवायची म्हणजे तिचे पंख कापायचे.

फिलिप्स कंपनीने १९६३ मध्ये कॅसेट आणली. आपल्याकडे ती खरी पसरली १९८० नंतर. दोन कारणं होती. टेप स्वस्त झाले आणि आखातात कामाला गेलेली माणसं सुट्टीवर येताना टू-इन-वन घेऊन येऊ लागली. कॅसेटची नक्कल काढणं सोपं होतं, भांडवल थोडं लागायचं. त्यामुळे लहानसहान कंपन्या उभ्या राहिल्या आणि मोठ्या कंपनीने ज्यांच्याकडे कधी पाहिलं नसतं अशा गायकांचा आवाज बाजारात आला. स्थानिक कव्वाल, नातख्वाँ, शाहीर, भजनी मंडळं, लोकगीतं गाणाऱ्या बाया. पीटर मॅन्युएल या अमेरिकन अभ्यासकाने १९९३ मध्ये या विषयावर 'कॅसेट कल्चर' हे पुस्तकच लिहिलं आहे. त्यात उत्तर हिंदुस्थानातला हा बदल तपशिलाने मांडला आहे.

आमच्या दोन तालुक्यांत मी ओळखीच्या घरांतून विचारत गेले, तुमच्याकडे जुन्या कॅसेट्स आहेत का? सुरुवातीला सगळे नाही म्हणाले. मग दोन दिवसांनी फोन यायचे, "माळ्यावर एक डबा निघाला." दौंडच्या रेल्वे क्वार्टरमध्ये वाढलेल्या एका कुटुंबाकडे महंमद रफींच्या कॅसेट्स होत्या. हिंदीबरोबर श्रीकांत ठाकरे यांनी संगीत दिलेली रफींची मराठी गाणीही. शिरूरच्या एका घरात प्रल्हाद शिंदे आणि कव्वाल एकाच डब्यात शेजारी-शेजारी होते. एका घरी फक्त मौलानांच्या तकरीरी. एका घरी दादीने पढलेला मिलाद, लग्नातले हळदीचे गीत आणि मागे रडणारं एक बाळ. ते बाळ आता इंजिनिअर आहे.

यावरून माझ्या एक गोष्ट लक्षात आली. विकत घेतलेली कॅसेट आपल्या घरातून गेली तरी जगात कुठेतरी शिल्लक असते. घरी भरलेली कॅसेट गेली की ती गेलीच.

आवाजी खत

पेटीत युसूफ आझाद-रशीदा खातून यांची एक कॅसेट होती. विकतच्या कॅसेटला वरच्या कडेला दोन लहान भोकं असतात. ती मोकळी असली की तिच्यावर नवीन काही भरता येत नाही. या कॅसेटच्या एका भोकात मात्र कागदाचा बोळा दाबून बसवला होता. म्हणजे कोणीतरी त्या बाजूवर मुद्दाम दुसरं काही भरलं होतं. लेबलवर पेन्सिलने, अम्मीच्या हातचं, एकच अक्षर होतं: 'द'.

'द' म्हणजे दम्माम. माझे मामू १९८० नंतर तिथे कामाला होते. टेलिफोन आमच्या घरी नव्हता. ट्रंक कॉल महाग आणि तासन्‌तास बसायचं. पत्र पोहोचायला आठवडे लागायचे, आणि अम्मीला लिहायला फारसं यायचंही नाही. म्हणून ती कॅसेट भरायची. घरातले सगळे टेपभोवती बसायचे, एकेक जण बोलायचा, आणि सुट्टी संपवून परत निघालेल्या कोणाच्या तरी बॅगेतून ती कॅसेट समुद्रापार जायची. आखातात माणूस असलेल्या किती घरांनी हे केलं असेल! आम्ही त्याला आवाजी खत म्हणायचो.

मामू आता पुण्यात असतात. त्यांना फोन केला. ते म्हणाले, "बेटा, तेरी अम्मी की एक भी कॅसेट मेरे पास नहीं. उसी पे जवाब भर के वापस भेजता था मैं." कोरी कॅसेट वाया घालवायची नाही, असा तेव्हाचा रिवाज. त्यामुळे प्रत्येक खत पुढच्या खताखाली पुसलं गेलं. ही एकच राहिली होती, कारण ती कधी गेलीच नाही. १९८६ च्या उन्हाळ्यात ती नेणारा माणूस ठरल्यापेक्षा एक दिवस आधी मुंबईला निघून गेला, आणि मग दोन महिन्यांत मामूच सुट्टीवर आले.

अम्मीचा आवाज आमच्या घरात दुसरा कुठेही नाही. तिच्या काळी मोबाइल नव्हता. लग्नाच्या व्हिडिओत ती दिसते, पण वर बँडचा आवाज आहे.

चुरगळलेली दहा सेकंदं

इथे मी घाई केली. पुण्यातल्या एका दुकानात जुन्या कॅसेट पेनड्राइव्हवर भरून देतात असं कळलं. मी 'द' ची बाजू वर करून कॅसेट दिली. दुकानदाराने ती तशीच मशीनमध्ये टाकली आणि बटण दाबलं. काही क्षणांत घरघर झाली, टेपने फीत गिळली. ओढून काढली तेव्हा सुमारे अर्धा मीटर फीत चुरगळली होती. "ये तो गया मॅडम," तो म्हणाला. मी कॅसेट रुमालात गुंडाळून परत आले. दौंडपर्यंत गाडीत मला काही सुचलं नाही.

माझे सासरे रेल्वेत होते. त्यांच्याबरोबर काम केलेले एक काका निवृत्तीनंतर घरी रेडिओ-टेप दुरुस्त करतात. त्यांच्याकडे गेले. त्यांनी चष्मा लावून कॅसेट उजेडात धरली.

"सूनबाई, फीत मेली नाही. मशीनमधलं रबर मेलं होतं, आणि फीत वर्षानुवर्षं एकाच जागी बसून चिकटली होती. घातल्याबरोबर वाजवायची नसते ती."

मग त्यांनी जे सांगितलं ते मला आधी माहीत असतं तर बरं झालं असतं. कॅसेटची फीत म्हणजे प्लास्टिकच्या पातळ पट्टीवर बसवलेला लोखंडाच्या ऑक्साइडचा थर. आवाज त्या थरात चुंबकीय खुणांच्या रूपाने असतो. फीत जेमतेम पावणेचार मिलिमीटर रुंद. तिच्या अर्ध्या रुंदीत एक बाजू, उरलेल्या अर्ध्यात दुसरी. एका सेकंदाला पावणेपाच सेंटिमीटर या वेगाने ती पुढे सरकते. म्हणजे अर्धा मीटर चुरगळली तर साधारण दहा सेकंदांचा आवाज बिघडतो. बाकीची सगळी कॅसेट जिवंत असते.

काकांनी कॅसेटचे कवच उघडलं. आतली स्पंजची छोटी गादी गळून पडली होती. फितीची दोन्ही चाकं त्यांनी स्क्रूच्या दुसऱ्या कवचात बसवली, चुरगळलेला भाग बोटांनी नाही तर मऊ कापडाने सपाट केला, पेन्सिलने हळूहळू फिरवून फीत सैल केली. मग एकदा पूर्ण पुढे, एकदा पूर्ण मागे. आपल्या टेपचं हेड स्पिरिटने पुसलं. त्यानंतर कॉम्प्युटरला वायर जोडून बटण दाबलं.

सुरुवातीची दहा सेकंदं पाण्याखालून बोलल्यासारखी आहेत. तिथे अम्मीचा सलाम आहे. शब्द कळत नाहीत, लय कळते. त्यानंतर आवाज एकदम स्वच्छ होतो आणि ती म्हणते की घोडनदीला यंदा पाणी कमी आहे, ड्राफ्ट मिळाला, नानीचे गुडघे दुखतात, आणि तू जेवतोस ना वेळेवर. मागे अब्बांचं मशीन चालू आहे. मग दूरवर अजान सुरू होते, खट् असा आवाज येतो आणि टेप थांबतो. पुन्हा खट्. अम्मी पुढे बोलू लागते. अब्बांचं बोट बटणावर होतं, ते दिसत नाही पण ऐकू येतं.

काका उठून पाणी आणायच्या निमित्ताने आत गेले. मला त्यांनी एकटीला ऐकू दिलं.

भावाचं म्हणणं

त्या खतात शेवटी सहा वर्षांचा एक मुलगा नात पढतो. मध्येच अडखळतो. अम्मी हळूच पुढचा शब्द सुचवते, तो पुन्हा सुरू करतो. तो माझा भाऊ.

मी त्याला दौंडला बोलावलं. संगीताबद्दल आपल्या समाजात एकमत नाही, आणि तसं असल्याचा आव आणायला नको. अनेक उलमा वाद्यांबरोबरचं गाणं नाजायज मानतात. लग्नात आणि ईदेला दफ चालतो, असं पुष्कळांचं मत आहे. वाद्याविना हम्द आणि नात बहुतेक सगळ्यांना प्रिय. दुसरीकडे चिश्ती बुजुर्गांनी समा ऐकला. हजरत निजामुद्दीन औलिया आणि अमीर खुसरो, दोघांचाही विसाल १३२५ चा. त्यांचीच परंपरा हजरत बुऱ्हानुद्दीन गरीब यांनी आपल्या खुलताबादेत आणली. पण त्या बुजुर्गांनीही समाला अटी घातल्या होत्या: वेळ योग्य हवी, जागा योग्य हवी, सोबत बसणारे योग्य हवेत. बाजारातल्या प्रत्येक कव्वालीला त्यांचं नाव चिकटवणं बरोबर नाही, हे भावाचं म्हणणं मला पटतं. आणि अब्बा गुनाहगार होते असं त्याने कधी म्हटलेलं नाही, हेही मी इथे सांगते.

त्याने नात ऐकली. काही बोलला नाही. मग म्हणाला, "फिर से लगा." तीनदा ऐकली. तिसऱ्यांदा अम्मी जिथे शब्द सुचवते तिथे त्याचेही ओठ हलले.

निघताना म्हणाला, "बाजी, मोबाइल पे भेज दे. कव्वाली वाली बाजू मेरे को नको भेज." मी फक्त अम्मीची बाजू पाठवली. पुढच्या जुम्म्याला तो पुन्हा आला तो हातात पिशवी घेऊन. तकरीरींच्या अकरा कॅसेट्स, फितीवर पांढरी बुरशी. "काका को पूछ, होता क्या." काकांनी त्यातल्या नऊ वाचवल्या.

माझ्या फोनवर आता दोन्ही बाजू आहेत. स्वयंपाक करताना कधी युसूफ आझाद लावते आणि अजान झाली की बंद करते. मुलगी विचारते, "अम्मी, हे कोण?" तिला सांगते, आणि नाना कसे काम करायचे तेही सांगते. आमच्या घरात या प्रश्नाचा निकाल लागलेला नाही. पण पेटी भंगारात गेली नाही.

तुमच्याही माळ्यावर असेल तर

काकांकडून शिकलेल्या आणि स्वतः चुकून कळलेल्या काही गोष्टी वाचक बहिणींसाठी इथे देते.

आधी नीट पाहा. भोकात कागद किंवा वरून चिकटपट्टी लावलेली असेल, लेबलवर हाताने लिहिलेलं असेल, तर ती कॅसेट आधी बाजूला काढा. तीच बहुधा घरी भरलेली असते. लेबल काहीही म्हणो, दोन्ही बाजू ऐकल्याशिवाय टाकू नका.

फितीवर पांढरे डाग दिसले तर ती वाजवू नका. बुरशी टेपच्या हेडला लागते आणि तिथून पुढच्या कॅसेटला. जाणकाराकडे द्या.

वर्षानुवर्षं पडून असलेली कॅसेट लगेच वाजवू नका. पेन्सिलने थोडी फिरवा, मग एकदा पुढे आणि एकदा मागे पूर्ण गुंडाळा. ज्या टेपवर वाजवणार तो आधी कमी महत्त्वाच्या कॅसेटवर तपासून घ्या. मी हेच केलं नाही. नव्वद मिनिटांच्या कॅसेटची फीत साठ मिनिटांच्या कॅसेटपेक्षा पातळ असते, तिला जास्त जपा.

फीत तुटली तर घरातली चिकटपट्टी लावू नका. तिचा गोंद पाझरतो आणि शेजारचे वेढे चिकटतात. जोडायची वेगळी पट्टी मिळते.

भरून घेताना टेपच्या हेडफोनच्या छिद्रातून वायरने कॉम्प्युटरला जोडा. समोर मोबाइल ठेवून भरलेला आवाज खोलीतला पंखाही भरतो. ऑडॅसिटीसारखा मोफत प्रोग्राम पुरतो. मूळ प्रत वेव्ह स्वरूपात ठेवा आणि वाटायला एमपी३ करा. एकाच ठिकाणी ठेवू नका, एक प्रत भावाबहिणीच्या घरी असू द्या.

कोण बोलतंय, कुठलं गाव, कोणतं साल, हे घरातल्या वडीलधाऱ्यांना ऐकवून लगेच लिहून ठेवा. पाच वर्षांनी तो आवाज ओळखणारं माणूस असेलच असं नाही.

विकतच्या कॅसेटची नक्कल स्वतःपुरती ठेवा. ध्वनिमुद्रणाचा हक्क आपल्या कायद्यात प्रकाशनानंतर साठ वर्षं राहतो, त्यामुळे ती इंटरनेटवर टाकण्याआधी विचार करा. स्थानिक कव्वालाची किंवा नातख्वाँची दुर्मिळ कॅसेट हाती लागली तर मात्र तिची नोंद ठेवा. मुंबईची सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स ही संस्था जुन्या ध्वनिमुद्रणांच्या संग्राहकांना एकत्र आणते. तुमच्या डब्यातली एखादी कॅसेट दुसरीकडे कुठेच नसेल, असं सहज होऊ शकतं.

आणि मूळ कॅसेट भरून झाली म्हणून फेकू नका. उभी ठेवा, उन्हापासून आणि स्पीकरच्या चुंबकापासून लांब.

परवा मामू दौंडला आले होते. मगरिबनंतर त्यांना ते खत ऐकवलं. ३९ वर्षं उशिरा पोहोचलेलं. सुरुवातीची बिघडलेली दहा सेकंदं आली तेव्हा मी माफी मागायला लागले. मामूंनी हात वर करून मला थांबवलं आणि त्या घोगऱ्या आवाजाला उत्तर दिलं, "वअलैकुम सलाम, आपा."